चंद्राची शेड

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हते. त्यांचं रंगाचं दुकान होतं. साधा ब्रश घ्यायला आलेल्या माणसालाही ब्रश कसा धरायचा, कसा धुवायचा आणि कसा धरू नये हे सगळं ऐकल्याशिवाय दुकानातून सुटका नसे, म्हणून लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं होतं. बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची. पण त्या ‘अहो’च्या तिच्याकडे जेवढ्या छटा होत्या तेवढ्या कुठल्या कंपनीच्या शेड कार्डातही नसतील.

दुकान आता मुलगा बघत होता. वर घर, खाली दुकान. त्यामुळे मास्तर निवृत्त झाले म्हणजे फक्त काउंटरच्या आतून बाहेर आले, आणि बाहेरच्या स्टुलावर बसून पूर्वीइतकंच बोलू लागले. मुलाने रंग मोजणारं एक यंत्र आणलं होतं. मास्तर त्याच्याशी नावडत्या पाहुण्याशी वागावं तसं वागत: हसून, पण लांबून. कारण रंग जुळवावा तो डोळ्याने, आणि डोळा असावा तो मास्तरांचा, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणी सदऱ्याचं बटण आणी, कुणी भिंतीचा पोपडा, कुणी विटलेल्या पडद्याची चिंधी. मास्तर एकदा बघत, पांढऱ्या रंगात या बाटलीतले दोन थेंब, त्या बाटलीतलं चिमूटभर टाकून ढवळत आणि म्हणत, “घ्या, जुळा भाऊ.” एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्याची भिंत दातांच्या रंगाची हवी होती. मास्तरांनी फक्त एवढंच विचारलं होतं, “तुमच्या दातांच्या की पेशंटच्या?”

ही गोष्ट मास्तर इतक्या वेळा सांगत की घरातली माणसं शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणत.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर विषय निघाला तो मागच्या लहान खोलीचा. सूनबाईंचे दिवस भरत आले होते. बाळ आलं की नातीला, म्हणजे भिंगरीला, आईवडिलांच्या खोलीतून हलवायचं होतं. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत, पण या बाबतीत मात्र ती जागची हलायला तयार नव्हती.

“मला एकटीला भीती वाटते,” ती म्हणाली.

“कशाची गं?” सूनबाईंनी विचारलं.

“ते अजून ठरलं नाही.” मग थोडा विचार करून ती म्हणाली, “आपल्या खोलीतून चंद्र दिसतो. तो असला की मी एकटी नसते. मागच्या खोलीतून दिसत नाही. तिथे नुसत्या दुकानाच्या शिड्या असतात.”

“शिड्या काढू आपण,” मुलगा म्हणाला.

“मग नुसती भिंत असेल.”

आता शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं आणि भाजी वाढून घ्यावी. पण मास्तरांना गप्प बसण्याचा सराव नव्हता.

“एवढंच ना?” ते म्हणाले. “भिंतीवर चंद्र काढून देतो. गोल, परातीएवढा. आणि रंग असा जुळवीन की खरा चंद्र खिडकीतून डोकावला तर त्याला वाटेल, समोर आरसा आहे.”

“अहो,” बायको म्हणाली. ही ‘तोंड आवरा’ची छटा होती.

“अगदी तोच रंग?” भिंगरीने विचारलं.

“तोच. फरक दिसला तर दुकानाची पाटी उतरवीन.”

“बाबा, दुकान मी चालवतो,” मुलगा म्हणाला. “पैज तुमची आणि पाटी माझी?”

“तोच रंग असेल तर मी झोपेन,” भिंगरीने निकाल दिला. “नसेल तर नाही. मग बाळाला ठेवा शिड्यांबरोबर.”

सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ स्पष्ट होता: हिला समजावता समजावता मी मेटाकुटीला आलेय, आणि आता सगळं तुमच्या एका डब्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी बाह्या सरसावल्या. चंद्र काय, जन्मभर पाहिलेला. पांढरा घेतला, त्यात नखभर काळा, एक थेंब पिवळा. पुठ्ठ्यावर ओढून ट्यूबलाइटखाली धरला आणि स्वतःच स्वतःला मान डोलावली. दुकानातल्या यंत्राकडे त्यांनी असं काही पाहिलं की जणू ते आता लाजून कोपऱ्यात जाऊन उभं राहील.

संध्याकाळी सगळी वरात गच्चीवर गेली. पौर्णिमा होती. सूर्य एका बाजूला बुडत होता आणि दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागून, चंद्र वर येत होता. चांगला थोरला, आणि पिकलेल्या संत्र्यासारखा.

भिंगरीने पुठ्ठा हातात घेऊन त्याच्याशेजारी धरला. बराच वेळ पाहिलं.

“आजोबा, आपला आजारी आहे का?”

मास्तरांनी पुठ्ठा घेतला, उलटा केला, सुलटा केला. “थांब,” ते म्हणाले, आणि जिना उतरून दुकानात गेले. नारिंगी घातला, चिमूटभर तांबडा घातला, ढवळलं, पुठ्ठ्यावर ओढलं आणि धापा टाकत वर आले.

तोवर चंद्र टाकीच्या वर आला होता आणि पिवळा झाला होता.

“हलला तो,” मास्तर म्हणाले.

“चंद्र आहे तो. हलणारच,” बायको म्हणाली. ती कठड्याशी बसून शेंगा सोलत होती.

मास्तर पुन्हा खाली गेले. नारिंगी कमी, पिवळा जास्त. पुन्हा वर आले, तर चंद्र लोण्यासारखा. पुन्हा खाली गेले, लोणी कालवून वर आणलं, तर तो वरून पांढरा स्वच्छ हसत होता, आणि दुपारचा तो पहिला ‘आजारी’ पुठ्ठा आता त्याच्याशी बराच जुळत होता. पण तो पुठ्ठा मास्तरांनी मघाशी रागाने मांडीखाली घेतला होता आणि त्यांच्या पायजम्यावर त्याची सही उमटली होती.

“अहो,” बायको म्हणाली, “रंग जुळवताय की चंद्राशी पळापळी खेळताय?”

“बाबा, आपलं यंत्र वापरलं असतं,” मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “पण ते वस्तूला टेकवावं लागतं.”

मास्तर एक डोळा मिटून चंद्राकडे बघत होते. मग दुसरा मिटून. मग पुन्हा पहिला. दोन डोळ्यांना दोन चंद्र दिसत होते.

याला कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. मास्तरांना मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डावा ते टाळत होते. कारण असं की उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मास्तर घरी आले, दिवाणखान्यात बसले आणि म्हणाले, “भिंतींना नीळ कुणी लावली?”

कुणीच नाही. त्या भिंती मास्तरांनीच रंगवल्या होत्या, ‘शुभ्र पांढऱ्या’. मोतीबिंदूची पिवळट काच डोळ्यात घेऊन ते पांढरा कालवत बसले होते. पिवळेपणा दिसतोय म्हणून मारायला निळा घालत गेले होते, आणि अख्खं घर त्या निळसर भिंतींत मुकाट्याने राहत होतं.

“तुम्ही सांगितलं का नाही?” त्यांनी विचारलं होतं.

“तज्ज्ञांना काय सांगायचं?” बायको म्हणाली होती.

तेव्हापासून मास्तरांच्या मनात एक खडा होता. आता हा चंद्र दर फेरीला वेगळा दिसायला लागल्यावर तो खडा बोचू लागला. चंद्र नाही बदलत, आपले डोळेच गेले. जन्मभर ज्याच्या जोरावर बढाया मारल्या तेच भांडं फुटलं. कुणाला बोलले नाहीत. फक्त जिना उतरताना या वेळी ते कठडा धरून उतरले.

त्यानंतरच्या एका सकाळी भिंगरीने त्यांना हात धरून गच्चीवर नेलं. ऊन पडलं होतं आणि पश्चिमेला निळ्या आकाशात चंद्र अजून रेंगाळत होता. फिकट, विरलेला, पाण्यात भिजलेल्या कागदाच्या तुकड्यासारखा.

“हा कुठला रंग?” तिने विचारलं.

मास्तरांनी उजवा डोळा मिटला, डावा मिटला. “बघू,” ते म्हणाले.

भिंगरी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्यांच्या हातावर थोपटलं. “असू दे, आजोबा. येत नाही तर येत नाही. मी बाळाला थोडी जागा देईन, पण झोपणार आईजवळच.”

ती चिडून बोलली असती तर मास्तरांनी चार गोष्टी सुनावल्या असत्या. तिने समजूत काढली, आणि तेच त्यांना लागलं.

त्या दिवशी दुकानात ते गप्प बसले होते. इतके गप्प की मुलाने दोनदा चहा हवा का विचारलं. भिंगरी उपड्या बादलीवर बसून शेड कार्डातले चौकोन मोजत होती. एवढ्यात पलीकडच्या ब्यूटी पार्लरवाल्या बाई डबा घेऊन आत आल्या आणि तो काउंटरवर आपटला.

“मास्तर, हा गुलाबी? तुम्ही इथे दाखवलात तो गुलाबाच्या पाकळीचा होता. माझ्या पार्लरमध्ये कांद्याच्या सालीचा दिसतोय. गिऱ्हाइकं विचारतायत, भिंतीला कावीळ झाली का.”

जुन्या घोड्याने बिगुल ऐकावं तसे मास्तर स्टुलावर ताठ झाले. हे भाषण त्यांना झोपेतही येत होतं. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ती त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती: ‘रंग उजेडात नेऊन पाहावा. नंतर तक्रार चालणार नाही.’

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या पार्लरमध्ये दिवे कसले आहेत? पिवळे. माझ्या दुकानात? पांढरे. अहो, रंग काय नुसता डब्यात असतो? अर्धा डब्यात असतो आणि अर्धा उजेडात. डबा तोच, पण उजेड बदलला, की रंग बदलला. मधे नुसता पिवळा पडदा आला तरी बदलतो. आणि लोक खुळ्यासारखे रंगाला शिव्या देत बसतात. मी म्हणतो, रंगाला कशाला शिव्या देता? आधी बघा, उजेड येतो कुठून आणि मधे काय…”

इथे मास्तर थांबले. त्यांचं बोट पाटीकडे तसंच होतं.

बादलीवरून आवाज आला, “आजोबा, मग चंद्राचं?”

“काय झालं मास्तर?” बाईंनी घाबरून विचारलं. “बरं वाटत नाही का? राहू दे, मी दिवे बदलते.”

“बरं वाटतंय,” मास्तर म्हणाले. “खुळ्यासारखे शिव्या देत बसलेले लोक म्हणजे कोण, ते आत्ता कळलं.”

दुपारी त्यांनी माळ्यावरून मुलाची जुनी मासे पाळायची काचेची पेटी काढली. लांबट, अरुंद. ती मागच्या खोलीत शिड्यांमधे ठेवली, पाण्याने भरली आणि खिडकी लावून घेतली. मग स्वयंपाकघरातून वाटीभर दूध पळवून आणलं.

“अहो, मासे आणलेत का?” बायकोने हाक मारली.

“हवा आणली,” मास्तर आतून ओरडले.

भिंगरी मांडी घालून बसली. मास्तरांनी पाण्यात दुधाचे काही थेंब टाकून ढवळले. पाणी धुरकट झालं. “ही आपली हवा. स्वच्छ दिसते, पण तिच्यात उजेडाला धक्के देणारे बारीक बारीक कण असतात. आणि ही बॅटरी म्हणजे चंद्र. रंग कोणता?”

“पांढरा.”

“आता मी ही पेटीच्या रुंदीकडून धरतो. मधे थोडीच हवा. चंद्र डोक्यावर असतो ना, तेव्हा त्याचा उजेड असा सरळ खाली येतो. बघ पलीकडून.”

“पांढराच आहे. थोडासाच पिवळट.”

“आता लांबीकडून धरतो. चंद्र उगवताना खाली, आकाशाच्या कडेला असतो. त्याच्या उजेडाला खूप लांबून, खूप हवेतून सरपटत यावं लागतं. बघ आता.”

भिंगरीने काचेला नाक लावलं. काही वेळ ती एका जागी बसली, हेच मोठं होतं.

“संत्र्यासारखा,” ती हळूच म्हणाली. “आजोबा, बॅटरी बदललीत?”

“तीच आहे. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यातला निळा फार चंचल, तुझ्यासारखा. कण दिसला की आदळला, वाट सोडून इकडेतिकडे पळाला. तांबडा आणि नारिंगी मुकाट सरळ चालत येतात. वाट जितकी लांब, तितका निळा जास्त गळतो. म्हणून पोचतो तो नारिंगी.”

“मग निळा कुठे गेला?”

मास्तरांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी उत्तर द्यायच्या आधी एकदा टाळी वाजवली. “बाजूने बघ पेटीकडे.”

बाजूने पाणी हलकंसं निळसर दिसत होतं.

“आकाश,” भिंगरी म्हणाली.

“तेच. दिवसा सूर्याचा निळा असा सगळीकडे सांडलेला असतो. त्या निळ्या पडद्यातून आपण चंद्र बघतो, म्हणून सकाळी तो भिजलेल्या कागदासारखा दिसला. आणि ग्रहणात तर तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. तेव्हा पृथ्वीच्या कडेकडेच्या हवेतून गाळून आलेला तांबडा उजेड तेवढा त्याच्यावर पडतो. मग तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो.”

“म्हणजे तो बदलतच नाही?”

“तो बसलाय आपल्या जागी. बदलतं ते मधलं. आणि मी इथे दमलो जिने चढून.”

भिंगरीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “तुमच्या डाव्या डोळ्यात पण दूध पडलंय. म्हणून आजी म्हणते ऑपरेशन करा.”

मास्तरांना हसू आलं, आणि मग ते थांबेना. इतके दिवस ज्याला ते डोळे जाणं समजत होते, ते दुधाच्या काही थेंबांइतकं होतं, काढून टाकण्यासारखं.

उरला प्रश्न भिंतीचा. भिंगरीने तो लगेच पकडला. “मग खोलीत कुठला रंग लावायचा?”

“त्याचा स्वतःचा. मधलं सगळं वजा करून.”

मुलाला विचारलं. तो म्हणाला की चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांनी आणलेली माती करडी आहे, जुन्या डांबरी रस्त्यासारखी. मास्तरांनी करडा कालवला; खोलीत नुसतं डांबर नको म्हणून पुष्कळसा उजळ केला. या वेळी पुठ्ठा ट्यूबलाइटखाली नाही, अंगणात नेऊन पाहिला. शिवाय अभिमान गिळून तो मुलाच्या यंत्रालाही टेकवला. यंत्र म्हणालं करडा. “पाहुणा बरा दिसतो,” मास्तर म्हणाले.

शिड्या निघाल्या, पलंग आला, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर परातीएवढा गोल उमटला. सगळे बघायला आले.

“छान आहे,” सूनबाई म्हणाल्या. “म्हणजे… झाकण आहे का कशाचं?”

“अहो,” बायको म्हणाली. ही ‘बिचारे’ची छटा होती, ती क्वचितच निघे.

“थांबा,” भिंगरी म्हणाली. सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास तिच्या आवाजात होता, आणि मास्तरांना त्याचीच भीती वाटत होती. उन्हाची तिरीप बरोबर तिथे पडेल हे त्यांनी दोन संध्याकाळी पाहून ठेवलं होतं, पण मास्तरांनी पाहून ठेवलेल्या गोष्टींचा इतिहास काही फारसा चांगला नव्हता.

सगळे थांबले. खिडकी पश्चिमेची होती. सूर्य खाली गेला, तिरीप खिडकीतून आत आली, भिंतीवर चढली आणि त्या झाकणावर पडली. झाकण आधी पिवळं झालं, मग नारिंगी, आणि मग अगदी शेवटी तांबूस, टाकीमागून उगवणाऱ्या त्या पहिल्या चंद्रासारखं. मग तिरीप गेली आणि खिडकीतल्या संध्याकाळच्या उजेडात तो निळसर फिकट उरला.

“तोच आहे,” भिंगरी म्हणाली. “तसाच नाही, तोच.” आणि ती आपली उशी आणायला पळाली.

जेवणं झाल्यावर तिला नव्या पलंगावर झोपवलं. उशाच्या दिव्यात चंद्र लोण्यासारखा दिसत होता. आईने पांघरूण घातलं, दिवा मालवला, दार लोटलं. मास्तर दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले. सहज, वर्तमानपत्र उलटं धरून.

“आजोबा.”

“काय गं?”

“दिवा गेला. चंद्र दिसत नाही.”

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. इतका विचार केला, हवेचा, दुधाचा, तिरिपेचा. आणि दिवा मालवल्यावर काय, हे डोक्यातच आलं नव्हतं. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. बायकोच्या ओठांवर ‘अहो’ येऊन थांबलं होतं.

“आज अमावास्या आहे,” मास्तर म्हणाले.

आत पलंग करकरला.

“पण आहे ना तिथेच?”

“तिथेच आहे. उजेड नाही इतकंच.”

“बरं,” ती म्हणाली. मग कूस बदलल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

मास्तर दिवाणखान्यात आले. निळसर भिंतींकडे त्यांनी एकदा उजव्या डोळ्याने पाहिलं, एकदा डाव्या.

“या भिंती पुन्हा रंगवायला हव्यात,” ते म्हणाले.

“हव्यात,” बायको म्हणाली. “पण आधी डावा डोळा.”

“आधी डावा डोळा,” मास्तर म्हणाले. “तोवर कुणी विचारलं तर सांग, हे आकाश आहे.”